पाचवं चाक

डिसेंबरात इथला वारा दारं उपटतो.
हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.
त्यात गाडी उभी असते एखाद्या गुळगुळीत किनाऱ्यावर
आणि शेजारी एक कुटुंब,
कुणाचाही केस न विस्कटलेलं.

पुंता अरेनासच्या शोरूममध्ये मी अकरा वर्षं गाड्या विकल्या.
किल्ली, कॉफी, सही, लाल रिबन, फोटो.
मग एका मंगळवारी दानित्सा ओयार्सो आली,
पोर्वेनिरच्या बोटीवरून उतरून थेट,
पायांत रबरी बूट, गळ्यात शिंप्याची टेप
आणि मागून, दोरीशिवाय, एक म्हातारा कुत्रा.

म्हणाली, ही आधी काचेबाहेर काढा.
इथल्या दिव्यांखाली सगळेच देखणे दिसतात,
तुम्हीसुद्धा.

मी हसलो. ती हसली नाही.

गाडीची पाठ वाऱ्याकडे करायला लावली.
दार उघडलं, पण हातातून सोडलं नाही.
मेंढी घेताना दात बघावेत
तशी मनगटाने बिजागरी जोखली.
मग मान तिरकी करून उन्हात रंग पाहिला, पुढून, मागून,
आणि मागच्या दाराशी थांबली.
"हिला जहाजात काहीतरी लागलंय."
मी बुटांकडे पाहिलं.
लागलं होतं.

टायरवरचे चार आकडे तिने मोठ्याने वाचले:
कितवा आठवडा, कुठलं वर्ष.
"गाडी ताजी, टायर शिळे.
दोन हिवाळे कुठल्या गोदामात झोपले होते?"

मागची चटई उचलली.
खाली चाक नव्हतं.
फेसाची एक बाटली, आणि मुठीएवढा पंप.
"आमच्याकडे शंभर किलोमीटर नुसती खडी,
माणूस एक दिसलं तर ग्वानाको चाळीस.
या बाटलीने मी काय करू, केस धुऊ?
चार चाकं दिसतात हो सगळ्यांना.
पाचवं विचारावं लागतं."

अकरा वर्षांत ती चटई मी कधी उचलली नव्हती.

किंमत तिने शेवटी विचारली.
त्याआधी विचारलं, तेल बदलायला बोट धरून यायचं का,
आणि वॉरंटीत बोटीचं भाडं कुणाचं.
त्याआधी काचा लावून, इंजिन बंद करून
आत नुसती बसून राहिली,
वारा कुठून शीळ घालतो ते ऐकत.
मीही शेजारी बसलो.
काय ऐकायचं ते मला कळेना, पण बसलो.

मग गळ्यातली टेप काढली
आणि डिकीचा उंबरठा मोजला.
एकोणऐंशी सेंटिमीटर.
"कापितान," तिने हाक मारली.
कुत्र्याने पुढचे दोन पाय वर टेकले
आणि मान वळवून आमच्याकडे पाहिलं.
ओशाळला होता.

मागच्या अंगणात एक राखाडी गाडी होती,
बुटकी, साधी, वर्षभर कुणी न विचारलेली.
चटईखाली पुरतं चाक.
तिच्यात तो आपणहून चढला,
तीनदा गोल फिरला, बसला.

मी जपून म्हणालो,
बाई, गाडी दहा वर्षं चालेल,
आणि हा...

टेप गुंडाळत म्हणाली,
"गाडीची वॉरंटी तुम्ही लिहून देताय.
याची कुणी दिली नाही.
मग आधी कुणाचं बघू?"

रिबन नको म्हणाली. फोटोही.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर ती सर्व्हिसिंगला आली,
तेच बूट, एकटी.
डिकी मी उघडली.
चटईत रुतलेले पांढरे केस,
आखूड, सुईसारखे.
झटकून घेऊ का, मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.
"खालच्या चाकात हवा आहे का,
तेवढं बघा."